छिद्रान्वेषी बाई

बाई प्लेट बघायच्या ती खिडकीशी उभं राहून, डावा डोळा मिटून आणि श्वास रोखून. प्रयोगशाळेत आम्ही वीस-बावीस मुलं असायचो, नळ वाहत असायचे, बर्नर फुरफुरत असायचे. पण बाईंनी प्लेट उजेडात धरली की सगळ्यांचे हात आपोआप थांबायचे. "आहे. भोक आहे," असं त्या हळूच म्हणायच्या आणि निवृत्तीला आलेला त्यांचा चेहरा एकदम उजळून जायचा. पुढच्याच क्षणी तोच चेहरा कडक करून त्या प्लेट आमच्यापुढे धरायच्या. "आता मला सांगा, हा बुडबुडा नाही कशावरून?"

ह्या भोकांपायीच त्यांना 'छिद्रान्वेषी' हे नाव पडलं होतं. आमच्या आधीच्या कुठल्याशा तुकडीतल्या मुलाने ते ठेवलं होतं, आणि त्यात भोकांइतकाच जर्नलांचाही वाटा होता. तापमान लिहिताना 'अंश' राहिला तरी बाईंची तांबडी खूण यायची. नाव त्यांच्या कानावर होतंच. एकदा त्यांनी फळ्यावर 'छिद्र' आणि 'अन्वेषण' असे दोन शब्द वेगळे करून लिहिले आणि म्हणाल्या, "शिवी म्हणून दिलंय, पण माझ्या नोकरीचं इतकं अचूक वर्णन नेमणूकपत्रातसुद्धा नव्हतं."

ही भोकं कसली, ते सांगायला हवं. पातळ आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, जिवाणू मिसळून ते प्लेटच्या चपट्या बशीत ओतले की एक-दोन दिवसांत ते वाढतात आणि प्लेटभर सलग, धुरकट साय धरते. त्या मिश्रणात जिवाणू खाणारा विषाणू असेल तर तो एका जिवाणूत शिरतो, आत स्वतःच्या शेकडो प्रती करतो, जिवाणू फुटतो, प्रती बाहेर पडून शेजारच्यांना धरतात. असं होत होत त्या सायीत टाचणीच्या डोक्याएवढं स्वच्छ भोक पडतं. विषाणू कुणालाच दिसत नाही. दिसतं ते त्याने रिकामं केलेलं घर.

आम्ही कॉलेजात आलो ते करोनाच्या काळात. पहिलं वर्ष मोबाइलच्या पडद्यावर गेलं होतं. दुसऱ्या वर्षी समोरासमोर बसलो तेव्हा तोंडावर मास्क होते आणि 'विषाणू' ह्या शब्दाची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. बाई वर्गात आल्या, हजेरी न घेता म्हणाल्या, "पृथ्वीवर सगळ्यात जास्त संख्येनं कोण आहे, माहितीय? विषाणू. आणि त्यातल्या बहुतेकांना तुमच्यात काडीचाही रस नाही. त्यांना फक्त जिवाणू हवेत. ह्या घटकेला तुमच्या पोटात त्यांची लढाई चाललीय आणि तुम्ही आरामात बसलाय." पाठीमागच्या बाकावरच्या मुलीने नकळत पोटावर हात ठेवला. मीही ठेवला होता.

बाईंचं घर सोलापूर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, कॉलेजात मराठी, आणि अक्कलकोटकडचं कुणी भेटलं की कन्नड. वडील मागावर होते. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आम्हा मुलींना त्या तेलुगू पद्धतीने 'अम्मा' म्हणायच्या. मी केम गावची, वसतिगृहात राहणारी. सुरुवातीला मी वर्गात बोलायलाच घाबरायचे, कारण तोंडातून 'हाय' आणि 'न्हाय' निघायचं आणि शहरातल्या मुली हसायच्या. बाईंनी एकदा ते पाहिलं. "अम्मा, बोली राहू दे तशीच," त्या म्हणाल्या. "आकडा तेवढा नीट सांग." त्या दिवसापासून मी बोलू लागले ती आजतागायत थांबलेले नाही.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांनी आम्हाला कॉलेजामागच्या नाल्यावर नेलं. आम्ही नाकं दाबून उभे, आणि बाई साडीचा पदर खोचून काठावर बसून बाटली भरताहेत. ते पाणी अतिशय बारीक गाळणीतून गाळलं. जिवाणू वर अडकतात, विषाणू खाली उतरतात. मग पोटातल्या एका साध्या जिवाणूबरोबर ते प्लेटवर ओतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटवर एकही भोक नव्हतं. बाकी सगळ्यांना मिळाली होती. मी रडवेली झाले. बाईंनी माझी प्लेट घेतली, उजेडात धरली आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रिकामी प्लेटसुद्धा उत्तरच देते. आपण प्रश्न काय विचारला होता, ते आठवायचं." मला आठवलं. मी गाळलेल्या पाण्याऐवजी साधं निर्जंतुक पाणी ओतलं होतं. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे तुझी प्लेट वर्गातली सगळ्यात महत्त्वाची," त्या म्हणाल्या. "विषाणू नसला तर भोक पडत नाही, हे फक्त हिनंच सिद्ध केलं."

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता अप्पा आले.

अप्पा वळसंगचे. शहरातलं कापडाचं दुकान धाकट्या भावाच्या हाती सोपवून त्यांनी गावाकडे डाळिंबाची बाग लावली होती. कपाळावर भस्माची तीन बोटं, अंगात पांढरा शर्ट आणि हातात कापडी पिशवी. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "हितं तेल्याचं औषध मिळतंय म्हणं."

"कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं.

"कालेजच्या हाफिसातल्या पोरानं. म्हनला, बाई जंतू मारायचा जंतू शोधत्यात."

बाईंनी त्यांना बसवलं आणि पिशवी उघडली. आत पानं होती, तेलाचा थेंब पडून मुरावा तसे डाग असलेली. खाली दोन डाळिंबं, काळ्या ठिपक्यांची, ठिपक्यांवरूनच उकललेली. सोलापूर जिल्ह्यात राहून तेल्या माहीत नाही असं कुणी नसेल. तो जिवाणूमुळे होतो. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावरून पानावर जातो आणि दमट हवेत बघता बघता बाग धरतो. अप्पा कापडाचा पोत बघावा तसं एक पान दोन बोटांत चोळत होते. "पोरगं म्हनतंय काढून टाकू," ते म्हणाले. "मी म्हनलं, एकदा सगळ्यास्नी विचारून बघू, मग काढू."

"माझ्याकडं औषध नाही," बाई म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. पण तुमच्या बागेत हा जिवाणू इतका माजलाय म्हटल्यावर त्याला खाणाराही तिथंच कुठंतरी असणार. तो शोधायला मला तुमची माती लागेल."

अप्पांनी हातातलं पान टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "माती लई हाय. बर्री मॅडम." 'बर्री' म्हणजे 'या'. बाई त्याच रविवारी गेल्या. बरोबर मला नेलं, कारण वसतिगृहात रविवारी मी एकटीच उरायचे.

पानांतून जिवाणू काढायला फार त्रास पडला नाही. तीन दिवसांत प्लेटवर पिवळे, तुळतुळीत, मधाच्या थेंबासारखे ठिपके उभे राहिले. त्याला खाणारा मात्र सापडेना. आम्ही झाडाखालची माती आणली, ठिबकच्या नळीतलं पाणी आणलं, पानं धुऊन ते पाणी आणलं. प्लेटवर सलग पिवळी साय. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माझ्या वहीत एकाखाली एक 'भोक नाही' असं इतक्यांदा लिहिलं गेलं की शेवटी मी नुसता डॅश देऊ लागले. बाईंनी प्रत्येक डॅश खोडून 'भोक नाही' लिहायला लावलं.

दर रविवारी अप्पांच्या बांधावर आमची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी व्हायची. खाण्याआधी बाई कोपरापर्यंत हात धुवायच्या, मला धुवायला लावायच्या आणि अप्पांनाही. अप्पा कुरकुरायचे, "मॅडम, म्या काय आपरेशन करायला चाल्लोय व्हय?" पण धुवायचे. एकदा हात पुसता पुसता ते सहज म्हणाले, "पडकी फळं आमी त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकतो की. तिकडची माती न्हाय नेली तुमी कधी."

बाईंच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. ज्या खड्ड्यात रोगट फळं कुजत होती, तिथे तो जिवाणू कोट्यवधींनी असणार, आणि त्याचा भक्षकही तिथेच. इतके रविवार आम्ही त्या खड्ड्याला वळसा घालून बसस्टॉपवर जात होतो. त्या दिवशी बाई जेवण अर्धवट टाकून उठल्या. नंतर कितीतरी दिवस स्वतःवर चिडून होत्या. "पिशवी उघडली तेव्हाच विचारायला हवं होतं, पडकी फळं कुठं टाकता म्हणून."

बुधवारी सकाळी इन्क्युबेटर मी उघडला. पहिली प्लेट सलग. दुसरी सलग. तिसऱ्या प्लेटवर, पिवळ्या सायीत, चार भोकं. गोल, स्वच्छ, कडा नीटस. प्लेट टेबलावर ठेवून मी आधी स्टूलवर बसले. बाई आल्या तेव्हा मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी प्लेट खिडकीशी नेली आणि डावा डोळा मिटून उजेडात धरली.

"बुडबुडा नाही कशावरून?" शेवटी मीच विचारलं.

"तेच बघू," त्या म्हणाल्या. 

भोकाच्या मधला भाग सुईने उचलून पुन्हा गाळला, पुन्हा ताज्या जिवाणूंबरोबर ओतला. ते दोन दिवस कसे गेले विचारू नका. मला वर्गात काही ऐकू येत नव्हतं. बाईंनी एका तासाला चुकून मागच्याच आठवड्याचा धडा पुन्हा शिकवला आणि आम्ही कुणी सांगितलं नाही. शुक्रवारी त्या प्लेटवर साय उरलीच नव्हती. भोकांना भोकं मिळून सगळी प्लेट आरपार झाली होती. बाईंनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरली, तर पलीकडे त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता, हसताना. मग त्यांनी फोन काढून अप्पांना लावला आणि कन्नडमध्ये इतक्या भरभर बोलल्या की मला एकच शब्द कळला, 'सिक्तु'. सापडलं.

पुढच्या मृग बहाराला, म्हणजे जूनमधल्या फुलोऱ्याला, बागेत चाचणी लावली. विषाणूला ऊन सोसत नाही, उघड्या पानावर तो दुपारपर्यंत मरून जातो. म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर करायची आणि विषाणूवर आडोसा म्हणून पाण्यात दुधाची पावडर मिसळायची. बाईंनी ते एका लेखात वाचलं होतं. अप्पा बादलीत डोकावून म्हणाले, "झाडाला दूध पाजताय व्हय मॅडम? न्हान लेकरू हाय की काय?" काही ओळींवर विषाणूची फवारणी, काही ओळींवर नुसतं पाणी. दर गुरुवारी ठरलेल्या फांद्यांची पानं मोजायची आणि डागाची पानं वेगळी लिहायची.

पाऊस झाला, हवा कोंदट झाली, आणि पाण्याच्या ओळींवर डाग भराभर पसरले. फवारलेल्या ओळी हिरव्यागार राहिल्या. बांधावर उभं राहिलं की फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा. अप्पा हरखून गेले. शेजारच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. कॉलेजात बातमी पोचली आणि प्राचार्यांनी कार्यक्रम ठरवला: पाहुणे, पत्रकार, बाईंचा सत्कार. येणाऱ्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या, त्यामुळे निरोपाआधी ही शोभेची गोष्ट सगळ्यांनाच हवी होती. अहवाल टंकायचं काम माझ्याकडे आलं.

टंकताना मी लिहिलं: 'ओळ अ, विषाणू अधिक दूध. ओळ ब, पाणी.' आणि बोटं थांबली. अ आणि ब यांच्यात फरक एक नव्हता, दोन होते. झाडं विषाणूमुळे वाचली की दुधामुळे? नुसतं दूध फवारलेली एकही ओळ आम्ही ठेवली नव्हती.

मी तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत बाई एकट्या सापडल्या तेव्हा अहवालाचा कागद त्यांच्यापुढे ठेवून त्या ओळीवर बोट ठेवलं.  त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.

"तुला कधी सुचलं हे?"

"शनिवारी."

"आज मंगळवार." त्यांनी डोळे उघडले. "माझी चूक ओळीतली. तुझी चूक तीन दिवसांची. तुझी मोठी." मग कागद उचलून त्या उभ्या राहिल्या आणि दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "अम्मा, इतक्या वर्षांत माझ्या कामातली चूक मला दाखवणारी तू पहिली. आता घाबरलीस तर मला वाईट वाटेल."

त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या आणि कार्यक्रम रद्द करून आल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण वळसंगला मी बरोबर होते. अप्पांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज चढला. "मॅडम, मी दहा गावच्या लोकास्नी सांगून बसलोय. झाड बरं झालं, तुमाला आनखी काय पायजे?"

"कशानं बरं झालं, ते पायजे," बाई म्हणाल्या.

"झाडाला काय फरक पडतुया?"

"ह्या झाडाला नाही पडत. पण ती दहा गावची माणसं उद्या माझ्या शब्दावर बागा सोपवतील. नुसत्या दुधानं काम होत असेल तर त्यांना विषाणू कशाला? आणि दोन्हीनं होत नसेल, नुसता योगायोग असेल, तर?"

अप्पा उठून बागेत गेले. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. मला वाटलं, आता हे आम्हाला गेटाबाहेर घालवणार. बऱ्याच वेळाने ते परत आले. "फुडच्या मृगाला किती वळी लागतील?" त्यांनी विचारलं. "ह्या टायमाला तुमच्या संगं मी बी मोजनार."

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये मी त्याच कॉलेजात एमएस्सीला प्रवेश घेतला आणि हाच विषय प्रकल्प म्हणून घेतला. बाई रोज दहाला यायच्या, हजेरीपटावर नाव नसूनही. ह्या वेळी तीन तऱ्हेच्या ओळी होत्या: पाणी, नुसतं दूध, आणि दूध-विषाणू. अप्पा खरोखर मोजायला बसले, चष्मा लावून, एकेक पान उलटं करून. महिनाभर चित्र स्पष्ट होतं. दुधाच्या ओळी पाण्यापेक्षा किंचित बऱ्या, विषाणूच्या ओळी दोन्हीपेक्षा कितीतरी चांगल्या. बाईंना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. बसमध्ये त्या तेलुगू गाणं गुणगुणायच्या आणि आजूबाजूला कुणी बघितलं की खोकायच्या.

मग एका गुरुवारी विषाणूच्या ओळीत डाग दिसले. पुढच्या गुरुवारी दुप्पट.

"मॅडम, तुमचा गडी हरला की वो," अप्पा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मलाही. मी बाईंकडे बघायचं टाळत होते. बाई मात्र गुडघ्यावर बसून ती डागाची पानं पिशवीत भरत होत्या, आणि भरताना त्यांचा हात उतावळा झाला होता. "हरला कसला," त्या म्हणाल्या. "आता कुठं खेळ सुरू झाला."

त्या डागांतले जिवाणू आम्ही वाढवले. विषाणू ओतला, भोक पडलं नाही. विषाणूला न जुमानणारे जिवाणू तयार झाले होते. हे होणार हे बाईंना माहीतच होतं. पण प्लेटवरचे ठिपके बघून त्या थांबल्या. आधीचे ठिपके तुळतुळीत, मधासारखे होते. हे खडबडीत आणि निस्तेज होते.

"अम्मा, ह्यानं काहीतरी टाकून दिलंय," त्या म्हणाल्या. "विषाणू आंधळा असतो. जिवाणूच्या अंगावरची एखादी खूण चाचपून तो आत शिरतो. ह्यानं ती खूणच पुसली, म्हणून वाचला. पण ती खूण काय फक्त विषाणूसाठी होती? त्याला स्वतःला ती कशासाठी लागत होती?"

उत्तर द्यायला झाडच हवं होतं. कॉलेजच्या गच्चीवर जाळीची खोली होती. तिथे डाळिंबाची रोपं कुंड्यांत लावली. काही रोपांना जुना, तुळतुळीत जिवाणू टोचला, काहींना हा नवा, प्रत्येक रोपाला वेगळ्या डागातला. उरलेल्यांना, अर्थातच, नुसतं पाणी टोचलं. कुंड्यांवर फक्त आकडे होते. कुठल्यात काय आहे ती यादी बाईंनी पाकिटात घालून कपाटात ठेवली, म्हणजे मोजताना आमचं मन लबाडी करणार नाही. रोज सकाळी गच्चीचे तीन जिने चढून त्या यायच्या, मधल्या पायरीवर थांबून धाप टाकायच्या आणि मी पाणी पुढे केलं की म्हणायच्या, "आधी पानं बघ."

आठव्या दिवशी काही रोपांवर तेलकट डाग उमटले. बाराव्या दिवशी ती रोपं केविलवाणी दिसू लागली. बाकीची टवटवीत होती, इकडेतिकडे एखादा बारका ठिपका. मी मोजलं, बाईंनी मोजलं, आकडे जुळले. मग पाकीट फोडलं.

जुन्या जिवाणूची रोपं सगळी आजारी होती. नव्याची रोपं जवळजवळ पाण्याच्या रोपांसारखी दिसत होती. दोन रोपं सोडून. त्या दोनांत नवा जिवाणूही पहिल्यासारखाच माजला होता, आणि बाईंनी ती दोन आधी लिहायला लावली.

एवढं लिहून झाल्यावर त्या उलट्या बादलीवर बसल्या आणि बोलतच सुटल्या. विषाणूपासून जीव वाचवायला जिवाणूने जे अंगावरून काढून टाकलं, त्याच्याच जोरावर तो झाडाला धरत होता. विषाणू सोसावा तर मरण, चुकवावा तर झाडावरची पकड जाणार. दोन्हीकडून कोंडी. म्हणजे बागेत विषाणूने जिवाणू संपवायचीही गरज नव्हती. त्याला दुबळा करून सोडलं तरी झाड उरलेलं निभावून नेईल. "तिघांचं आहे हे, अम्मा," त्या म्हणत होत्या. "मी जन्मभर दोघांचंच बघत बसले. प्लेटवर झाड नसतं ना. झाड नसलं की अर्धी गोष्ट कळते." गच्चीवर टळटळीत ऊन होतं, खाली शहरभर माग चालू होते, आणि मला वाटत होतं की जगात ह्या क्षणी ही गोष्ट माहीत असलेल्या आम्ही दोघीच आहोत. कदाचित दुसऱ्या कुणाला माहीत असेलही. पण डाळिंबावरची, वळसंगच्या खड्ड्यातली, आमचीच होती.

त्या जिन्यावरच्या धापेकडे मी अधिक लक्ष द्यायला हवं होतं. हिवाळा सरला आणि डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, एकटं राहू नका म्हणाले. हैदराबादला धाकटी बहीण होती. बाईंनी घर आवरलं, पुस्तकं मला दिली आणि मार्चमध्ये मी त्यांना गाडीत बसवायला गेले. निरोपाचं काही बोलणं झालंच नाही. फलाटावर पाऊण तास आम्ही त्या दोन रोपांवर बोललो. ते दोन जिवाणू वाचलेच कसे? त्यांनी वेगळी खूण पुसली असणार. मग त्यांना दुसऱ्या खुणेने धरणारा दुसरा विषाणू हवा. दोन विषाणू एकत्र फवारले तर? गाडी हलली तेव्हा बाई खिडकीतून प्रमाण सांगत होत्या आणि अर्ध्या आकड्यावर त्यांचा आवाज गेला. मी जिन्याकडे वळते तोच फोन वाजला. "लिहून घे," त्या म्हणाल्या. पुढचं होटगी स्टेशन येईपर्यंत त्यांनी पूर्ण चाचणी सांगितली. माझ्याकडे कागद नव्हता. मी मनगटापासून कोपरापर्यंत हातावर लिहून घेतलं आणि रिक्षात बाही वर धरून वसतिगृहात आले.

दुसरा विषाणू त्याच खड्ड्यात मिळाला, तीन आठवड्यांत. मृगाला दोन्ही विषाणू एकत्र फवारले. दर गुरुवारी संध्याकाळी मी बाईंना आकडे सांगायचे आणि त्या तिकडे आपल्या वहीत उतरवायच्या. ज्या आठवड्यात मागच्या वर्षी डाग उमटले होते तो आठवडा आला आणि गेला. पुढचाही गेला. ओळी स्वच्छ होत्या. मी फोनवर आकडे सांगितले तेव्हा बाईंनी ते दोनदा वाचायला लावले. मग बाई म्हणाल्या, "मला आत्ता उठून तिकडं यावंसं वाटतंय."

त्या येऊ शकल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी सकाळी त्यांच्या बहिणीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

मी वळसंगची बस धरली. दुसरं कुठे जावं ते सुचलं नाही. अप्पा गेटाशीच होते, चष्मा लावून, हातात वही घेऊन, मोजायला तयार. मी सांगितलं. त्यांनी वही मिटली. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले आणि शर्टाच्या बाहीने चष्मा पुसू लागले. आम्ही दोघं बांधावर बसलो. वारं नव्हतं. एक पानही हलत नव्हतं.

"आज ऱ्हाऊ दे का, पोरी?" मिटलेल्या वहीवर हात ठेवून त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. आम्ही हौदावर कोपरापर्यंत हात धुतले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. रडत रडत पानं मोजता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. फक्त प्रत्येक फांदी दोनदा मोजावी लागते. अप्पांनी मोजली, मी मोजली. शेवटच्या ओळीशी आलो तेव्हा ऊन कललं होतं. आकडे जुळत होते.